आधी नकार, मग नंबर: एसएमएस सबस्क्रायबर सीडीपीत आणताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुन्या एसएमएस प्लॅटफॉर्ममधून सहा सीएसव्ही फाइली (साध्या मजकुरातले तक्ते) काढल्या, मिळून सुमारे ६ लाख ओळी. त्या नव्या कस्टमर डेटा प्लॅटफॉर्ममध्ये, म्हणजे एका ग्राहकाची सगळी माहिती एका प्रोफाइलखाली आणणाऱ्या सीडीपीत, टाकून पाहिल्या. स्क्रीनवर ‘इम्पोर्ट यशस्वी’ असं आलं, पण प्रोफाइल तयार झाली ४ लाखांच्या आसपास. बाकीचे लोक गेले कुठे? आणि ज्या ओळींत संमतीची तारीखच नाही, त्यांचं काय करायचं?

दोन्हींची उत्तरं देतो. पण त्याआधी एक काम आजच करा. त्या वर्कस्पेसमधून बाहेर जाणारी प्रत्येक वाट बंद आहे ना, ते स्वतः उघडून बघा: एसएमएस गेटवेचं (मेसेज मोबाइल कंपन्यांपर्यंत नेणाऱ्या सेवेचं) कनेक्शन, स्वागताची जर्नी (आपोआप जाणाऱ्या मेसेजची मालिका), जाहिरातींच्या ऑडियन्सचं (जाहिराती दाखवायच्या लोकांच्या याद्यांचं) सिंक, सगळं. फाइलीतून आलेला माणूस आणि आत्ता फॉर्म भरून आलेला माणूस यांतला फरक बहुतेक सीडीपींना आपोआप कळत नाही. दोघंही ‘नवीन प्रोफाइल’च. ‘नवीन सबस्क्रायबर आला की स्वागताचा मेसेज पाठव’ असा नियम चालू राहिला, तर कितीतरी वर्षांपूर्वी नाव नोंदवलेल्या लोकांना एका रात्रीत स्वागत जातं, आणि गेलेला एसएमएस परत घेता येत नाही. म्हणून मी इम्पोर्टच्या प्रत्येक ओळीला ‘स्रोत’ आणि ‘बॅच’ असे दोन कॉलम जोडतो आणि प्रत्येक जर्नीच्या प्रवेशाच्या अटीत ती बॅच वगळतो. पुढे काही बिनसलंच, तर कोणत्या ओळी मागे घ्यायच्या हेही त्याच बॅच क्रमांकावरून ठरतं.

आता हरवलेल्या दोन लाखांकडे.

‘इम्पोर्ट यशस्वी’ याचा अर्थ एवढाच की फाइल शेवटपर्यंत वाचली गेली. ओळींचा हिशेब तुम्हालाच जुळवावा लागतो: फाइलीतल्या एकूण ओळी म्हणजे नवीन प्रोफाइल झालेल्या, आधीच्या प्रोफाइलमध्ये मिसळलेल्या आणि नाकारलेल्या ओळींची बेरीज. या तीन आकड्यांची बेरीज एका ओळीनेही चुकली तर मी पुढे जात नाही. नाकारलेल्या ओळींची फाइल बहुतेक प्लॅटफॉर्म देतात, पण ती लॉगमध्ये कुठेतरी खोल असते आणि ठराविक दिवसांनी पुसली जाते. आधी ती उतरवून घ्या.

मिसळलेल्या ओळींत काही मिसळणं योग्यच असतं. एकच माणूस सहापैकी तीन याद्यांत असेल तर त्याचं एकच प्रोफाइल व्हायला हवं. पण ६ लाखांचे ४ लाख होतात तेव्हा मला पहिला संशय एक्सेलचा येतो. कुणीतरी फाइल नुसती डबल क्लिक करून उघडली, एखादा कॉलम काढून टाकला आणि परत सीएसव्ही म्हणून सेव्ह केली. तेवढ्यात काय होतं ते एका नंबरावर दाखवतो.

ब्रिटनच्या ऑफकॉम या नियामकाने नाटक-सिनेमांत दाखवण्यासाठी राखून ठेवलेल्या नंबरांपैकी एक घेऊ: ४४७७००९००१२३. बारा आकडे, अधिक चिन्ह नाही. एक्सेलला हा फोन नंबर वाटत नाही, मोठी संख्या वाटते, आणि साध्या फॉरमॅटमध्ये बारा आकडी संख्या तो घातांकात दाखवतो: ४.४७७०१ई+११. सीएसव्ही म्हणून सेव्ह करताना फाइलीत तेच उतरतं जे पडद्यावर दिसतं. उरलेले आकडे तिथेच संपले. पुढच्या वेळी कुणी ती फाइल वाचली की नंबर होतो ४४७७०१००००००. आता यातली खरी अडचण बघा. हा नंबरही बारा आकडी आहे, ४४७ नेच सुरू होतो, आणि नंबरची रचना तपासणारं कोणतंही साधन त्याला हरकत घेणार नाही. शिवाय ४४७७००५००००० पासून पुढचे तब्बल १० लाख नंबर याच एका आकड्यात येऊन पडतात. त्या पट्ट्यातले तुमचे सगळे सबस्क्रायबर सीडीपीच्या दृष्टीने एकच माणूस होतात, प्रोफाइल मर्ज होतात, आणि कुठेही लाल अक्षरात चूक दिसत नाही.

ओळखायचं कसं? फोनच्या कॉलमवर एक मोजणी लावा: कोणता नंबर किती वेळा आलाय, उतरत्या क्रमाने. वरच्या पन्नास नंबरांत एकामागोमाग शून्यांनी संपणारे नंबर दिसले तर ती फाइल फेकून द्या. दुरुस्त करायचा प्रयत्न करू नका, कारण हरवलेले आकडे त्या फाइलीत आता कुठेच नाहीत. जुन्या प्लॅटफॉर्ममधून नव्याने एक्सपोर्ट घ्या आणि ती फाइल एक्सेलमध्ये थेट उघडायची नाही असं टीममध्ये सगळ्यांना सांगा. उघडायचीच असेल तर ‘डेटा’ टॅबमधून आणून फोनचा कॉलम ‘टेक्स्ट’ म्हणून निवडायचा. सुरुवातीचं शून्य गळणं हाही याच कुळातला दोष, फक्त तो लगेच डोळ्यांत येतो.

तीच मोजणी आणखी एक गोष्ट उघड करते. सगळे नऊ असलेला नंबर, १२३४५६७८९० सारखा नंबर, काउंटरवर घाईत असताना कर्मचाऱ्याने भरलेला दुकानाचाच नंबर. हे प्रत्येक यादीत असतात. मी एकदा एक प्रोफाइल उघडलं होतं, त्यात नावांच्या जागी शेकडो नावं एकाखाली एक येत होती: वेगवेगळी वयं, वेगवेगळे ईमेल, एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या खरेद्या. एका शाखेचा लँडलाइन नंबर त्या सगळ्यांना एकत्र बांधत होता. ते प्रोफाइल पुन्हा सुटं करायला त्या टीमला काही आठवडे लागले. एकत्र करण्याचा नियम सेकंदात चालतो. उलटं जायला असा सोपा नियम नसतो, कारण मर्ज झाल्यावर कोणती खरेदी कुणाची होती हे मूळ ओळीकडे गेल्याशिवाय कळत नाही. यासाठीच मूळ ओळी जशाच्या तशा, न बदलता, वेगळ्या टेबलात ठेवा.

म्हणून माझं ठाम मत असं की फोन नंबर ही माणसाची ओळख धरू नका. ती त्याच्यापर्यंत पोहोचण्याची एक वाट आहे. एका नंबरावर आई आणि मुलगा दोघंही असू शकतात, एका माणसाचे दोन नंबर असू शकतात, आणि आज एकाचा असलेला नंबर वर्षभराने दुसऱ्याचा असू शकतो. मुख्य किल्ली म्हणून जुन्या प्लॅटफॉर्मचा सबस्क्रायबर आयडी वापरा, त्याच्या पुढे स्रोताचं नाव जोडून, म्हणजे दोन प्लॅटफॉर्मांचे ‘१००४५’ एकमेकांत मिसळणार नाहीत. फोन वेगळ्या जागी ठेवा. सेल्सफोर्सच्या सीडीपीत यासाठी ‘कॉन्टॅक्ट पॉइंट फोन’ असं स्वतंत्र ऑब्जेक्टच आहे, आणि मला ती मांडणी योग्य वाटते. जुळणीच्या नियमात एकटा फोन कधीच पुरेसा समजू नका. फोन आणि आडनाव, किंवा फोन आणि ईमेल, अशी जोडी लावा. सेगमेंट नावाच्या सीडीपीसारख्या प्लॅटफॉर्ममध्ये ठराविक नंबर किंवा नोंदी जुळणीतून वगळण्याची आणि एका प्रोफाइलला किती ओळखी चिकटू शकतात याची मर्यादा घालण्याची सोय असते. तुमच्या साधनात असेल तर पहिल्या दिवशी वापरा. नसेल तर तुमची वरची पन्नास नंबरांची यादी हाताने तपासून, नकली नंबर इम्पोर्टआधीच रिकामे करा.

नंबर एका साच्यात आणणं

साचा एकच: ई.१६४. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेचं हे मानक आहे. देशाचा कोड धरून जास्तीत जास्त १५ आकडे. साठवताना पुढे अधिक चिन्ह लावायचं, आणि मध्ये मोकळी जागा, कंस, डॅश काही ठेवायचं नाही. हे रूपांतर हाताने लिहिलेल्या सूत्रांनी करू नका. गूगलची लिबफोननंबर ही मुक्त लायब्ररी जवळपास प्रत्येक भाषेत मिळते, तिला प्रत्येक ओळीसोबत देश द्या.

‘प्रत्येक ओळीसोबत देश’ हे मुद्दाम म्हटलं. फाइल एका देशाची आहे असं समजून सगळ्यांना एकच कोड लावणं ही मी सर्वांत जास्त पाहिलेली चूक आहे. वरचाच नंबर घ्या. ब्रिटनमध्ये लोक तो शून्य लावून लिहितात, एक्सेलने शून्य खाल्लं की उरतात ७ ने सुरू होणारे दहा आकडे. भारतातले मोबाइल नंबरही दहा आकडी असतात आणि त्यांतले कितीतरी ७ ने सुरू होतात. चुकीचा देश लावला तरी नंबर अगदी खरा दिसतो, आणि मेसेज दुसऱ्याच खंडातल्या अनोळखी माणसाला जातो. देशाचा कॉलम फाइलीत नसेल तर तो नोंदणीच्या फॉर्मवरून, पाठवणाऱ्या नंबरावरून किंवा पत्त्यावरून काढता येतो का बघा. नाहीच निघाला तर ती ओळ बाजूला काढा. अंदाजाने कोड लावू नका.

जुन्या याद्यांत आणखी एक गोष्ट असते जी लायब्ररीला एकटीला सोडवता येत नाही: देशाने मध्येच नंबरांची रचना बदललेली असते. ब्राझीलने २०१२ ते २०१६ या काळात टप्प्याटप्प्याने मोबाइल नंबरांत नववा आकडा घातला. मेक्सिकोने २०१९ मध्ये +५२ नंतर लावायचा १ काढून टाकला. कोत दिव्वारमध्ये (आयव्हरी कोस्ट) ३१ जानेवारी २०२१ रोजी आठ आकडी नंबर दहा आकडी झाले. त्याआधीच्या ओळी आज ‘अवैध’ म्हणून नाकारल्या जातील, पण त्यामागचा माणूस खरा असेल. नाकारलेल्या ओळी देशानुसार मोजा. एका देशाचा वाटा अचानक मोठा दिसला तर कारण बहुधा असंच काहीतरी असतं.

फाइलीच्या बारीकसारीक गोष्टी झटपट सांगतो. एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेवा, नाहीतर देवनागरीतली नावं वाचता न येणाऱ्या चिन्हांत बदलतात. पहिल्याच कॉलमचं मॅपिंग (सीडीपीतल्या खाण्याशी जोडणी) होत नसेल आणि नाव तर अगदी बरोबर दिसत असेल, तर फाइलीच्या तोंडाशी बीओएम नावाची न दिसणारी खूण आहे का ते टेक्स्ट एडिटरमध्ये बघा. काही देशांच्या सेटिंगमध्ये एक्सेल स्वल्पविरामाऐवजी अर्धविरामाने कॉलम तोडतं. आणि रिकाम्या खाण्याचा अर्थ तुमचा सीडीपी काय लावतो ते आधी दोन ओळींवर तपासा: ‘जुनी माहिती तशीच ठेव’ की ‘पुसून टाक’? अपडेट करताना रिकामा कॉलम आला म्हणून लाखो लोकांचे ईमेल पुसले जाऊ शकतात.

संमती

आता ज्यासाठी मी एवढं लिहायला बसलो ते.

काही वर्षांपूर्वी अशाच एका स्थलांतराचं काम माझ्याकडे होतं. जुन्या प्लॅटफॉर्मवरून याद्या आल्या, प्रत्येक ओळीत स्थितीचा कॉलम होता, त्यात ‘सक्रिय’. नंबर स्वच्छ केले, हिशेब जुळवला, इम्पोर्ट केलं. पहिली मोहीम सुरू झाली आणि मी सवयीप्रमाणे येणाऱ्या उत्तरांचा स्क्रीन उघडून बसलो होतो. पहिल्या काही मिनिटांतच उत्तरं येऊ लागली. ‘स्टॉप’. ‘स्टॉप’. मग एक लांबलचक: मी दोन वर्षांपूर्वीच बंद करायला सांगितलं होतं, तुम्ही पुन्हा का पाठवता आहात? तसंच दुसरं, तिसरं. मोहीम तिथेच थांबवली. पण तोवर जे गेले ते गेले.

शोधल्यावर कळलं ते असं. जुन्या प्लॅटफॉर्ममध्ये यादीतलं सदस्यत्व एका टेबलात होतं आणि ‘स्टॉप’ म्हणणाऱ्यांची नोंद दुसऱ्याच टेबलात, तीही पाठवणाऱ्या नंबराच्या पातळीवर. एखाद्याने ‘स्टॉप’ लिहिलं की यादीत तो ‘सक्रिय’च राहायचा, फक्त मेसेज पाठवायच्या क्षणी प्लॅटफॉर्म त्याला गुपचूप गाळायचा. एक्सपोर्टमध्ये यादी आली, गाळणी आली नाही. नव्या सीडीपीला नवीन पाठवणारा नंबर जोडलेला होता, त्यामुळे जुनी अडवणूक तिथे लागूच नव्हती. लोकांनी दिलेला स्पष्ट नकार आम्ही वाटेत कुठेतरी सांडून आलो होतो. त्या उत्तरांतला राग अजून आठवतो, आणि तो रास्त होता.

तेव्हापासून माझा क्रम बदलला. सबस्क्रायबरांच्या याद्या मी दुसऱ्या आणतो. सीडीपीत पहिली फाइल जाते ती नकारांची. ती एका ठिकाणी मिळत नाही, चार ठिकाणांहून गोळा करावी लागते.

पहिलं ठिकाण म्हणजे जुन्या प्लॅटफॉर्मची अनसबस्क्राइब यादी, प्रत्येक पाठवणाऱ्या नंबरासाठी आणि कीवर्डसाठी (नोंदणीसाठी लोक पाठवतात त्या शब्दासाठी) वेगळी मागा; बऱ्याचदा ती स्क्रीनवरून निघत नाही, सपोर्टला लिहावं लागतं. दुसरं म्हणजे मधल्या गेटवेची अडवणूक. ‘स्टॉप’चं उत्तर अनेकदा गेटवेच हाताळतो आणि वरच्या प्लॅटफॉर्मला पत्ताही नसतो. ट्विलिओ हा गेटवे वापरत असाल तर डिलिव्हरीच्या लॉगमध्ये २१६१० हा एरर कोड शोधा. ज्याने मेसेज बंद केलेत अशा माणसाला पाठवायचा प्रयत्न झाला, असा त्याचा अर्थ. तिसरं, आलेल्या उत्तरांचा कच्चा लॉग. ‘स्टॉप’ एवढंच लिहिणाऱ्यांना यंत्र ओळखतं. ‘कृपया आता पाठवू नका’, ‘हा नंबर काढा’, ‘चुकीचा नंबर आहे’ असं लिहिणारे मात्र त्याच्या नजरेतून सुटतात. ही उत्तरं माणसाने वाचावीत असा माझा आग्रह असतो, कितीही कंटाळवाणं असलं तरी. चौथं, ग्राहक सेवेकडे फोनवर किंवा ईमेलवर आलेले नकार आणि डेटा पुसण्याच्या विनंत्या. यातली शेवटची गोष्ट नाजूक आहे. एखाद्याचा डेटा मागच्या वर्षी विनंतीनुसार पुसला असेल, आणि कुणाच्या तरी लॅपटॉपवरची दोन वर्षांपूर्वीची फाइल आज इम्पोर्ट झाली, तर तो माणूस पुन्हा जिवंत होतो. पुसलेल्यांच्या नंबरांचे हॅश (नंबरावरून गणिताने काढलेल्या सांकेतिक खुणा) तेवढे, दुसरी कोणतीही माहिती न ठेवता, जपून ठेवणं आणि प्रत्येक इम्पोर्टआधी त्यांच्याशी ताडून पाहणं, हा त्यावरचा उपाय. तसं करता येतं का ते तुमच्या कायदा विभागाला विचारून घ्या.

नकार आणि होकार सीडीपीत कसे साठवायचे, तर प्रोफाइलवर एका ‘हो/नाही’च्या खाण्यात नक्कीच नाही. प्रोफाइल मर्ज होतात. एका प्रोफाइलवर ‘हो’ आणि दुसऱ्यावर ‘नाही’ असेल तर मर्जनंतर काय उरतं? बऱ्याच प्लॅटफॉर्ममध्ये मूळ नियम ‘शेवटचं अपडेट जिंकतं’ असा असतो, आणि इम्पोर्टच्या दिवशी शेवटचं अपडेट म्हणजे तुमची फाइल. माणसाने दोन वर्षांपूर्वी दिलेला नकार आजच्या इम्पोर्टच्या वेळेपुढे हरतो. म्हणून संमती नंबराला बांधा आणि घटना म्हणून साठवा: कोणता नंबर, कोणतं माध्यम, कोणत्या पाठवणाऱ्यासाठी, कशासाठी, काय म्हटलं, केव्हा म्हटलं, कुठे म्हटलं, आणि तेव्हा त्याच्यासमोर कोणती वाक्यं होती. ‘केव्हा’मध्ये ती मूळ वेळ घालायची ज्या क्षणी माणसाने होकार किंवा नकार दिला. इम्पोर्टची वेळ वेगळ्या कॉलमात.

तारखांबद्दल एक सूचना. ०३/०४/२०२१ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च हे एका ओळीवरून कळत नाही, पूर्ण कॉलमवरून कळतं. पहिल्या जागी कुठेही १२ पेक्षा मोठा आकडा आला तर दिवस आधी आहे. हजारो ओळींत एकदाही आला नाही आणि दुसऱ्या जागी येतोय, तर महिना आधी आहे. दोन्ही जागी येत असेल तर फाइलीत दोन स्रोत मिसळलेत, आणि ते वेगळे केल्याशिवाय पुढे जाऊ नका. मग सगळं वर्ष-महिना-दिवस या क्रमात, टाइम झोनसकट लिहा. टाइम झोन गाळला तर एकाच रात्री आधी ‘हो’ आणि मग ‘नाही’ म्हणणाऱ्या माणसाचा क्रम उलटा होऊ शकतो.

माध्यमं वेगळी ठेवायचं लक्षात असू द्या. एसएमएससाठी दिलेला होकार व्हॉट्सॲपला लागू होत नाही. ऑर्डरची माहिती हवी म्हणून नंबर देणाऱ्याने ऑफर मागितलेल्या नसतात. ॲपच्या पुश नोटिफिकेशनचे टोकन (त्या फोनवरच्या त्या ॲपची ओळख) तर फोन नंबरासारखे वागतही नाहीत: ॲप काढून परत टाकलं की टोकन बदलतं, आणि नोटिफिकेशन पोहोचवणारी गूगलची फायरबेस ही सेवा २७० दिवस निष्क्रिय राहिलेलं अँड्रॉइडचं टोकन कालबाह्य धरते. जुने टोकन फाइलीने आणण्यापेक्षा ॲपमध्ये बसवलेल्या सीडीपीच्या कोडला, म्हणजे नव्या एसडीकेला, ॲप उघडल्यावर ते ताजे गोळा करू देणं मला कितीतरी बरं वाटतं.

डिलिव्हरीच्या अपयशाची नोंदही आणा, पण संमतीत मिसळू नका. फोन बंद होता म्हणून न पोहोचलेला मेसेज आणि अस्तित्वातच नसलेला नंबर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि यांपैकी कोणत्याही माणसाने ‘नको’ म्हटलेलं नाही. ‘पोहोचता येतं का’ हा एक कॉलम, ‘पाठवायची परवानगी आहे का’ हा दुसरा. मेसेज जाण्यासाठी दोन्ही ‘हो’ हवेत.

मधला काळ

एक्सपोर्ट घेतल्याच्या क्षणापासून नवीन प्लॅटफॉर्म सुरू होईपर्यंत काही दिवस जातात, कधी महिनाही. त्या काळात लोक जुन्या नंबराला ‘स्टॉप’ लिहीतच असतात. सुरू करण्याच्या दिवशी सकाळी नकारांची फाइल पुन्हा काढा आणि फक्त फरक इम्पोर्ट करा. त्यानंतरही जुना नंबर लगेच सोडू नका. लोकांच्या फोनमध्ये जुने मेसेज पडलेले असतात आणि ते त्याच धाग्यात उत्तर देतात. ते उत्तर कुणीच ऐकत नसेल, तर माणसाच्या बाजूने त्याने बंद करायला सांगितलं आहे आणि तुमच्या बाजूने काहीच नोंद नाही. जुन्या नंबरावर येणारी उत्तरं नव्या सीडीपीत वळवून ठेवा, काही महिने तरी.

नकार किती लवकर पाळायचा याचे नियम देशागणिक वेगळे आहेत. अमेरिकेत मार्केटिंगचे फोन आणि मेसेज यांवरच्या टीसीपीए या १९९१ च्या कायद्याखालच्या नियमांनुसार संमती मागे घेतल्यावर जास्तीत जास्त १० कामकाजाच्या दिवसांत ती पाळावी लागते. मी ही मुदत शेवटची रेषा मानतो. नकाराचं सिंक रात्रीच्या बॅचवर न ठेवता मिनिटांत व्हावं अशीच रचना करतो.

जाहिरातींच्या ऑडियन्ससाठी नंबर बाहेर पाठवणार असाल तर एक तांत्रिक खाचखळगा सांगून ठेवतो. गूगलला अधिक चिन्हासकट ई.१६४ नंबराचा, एसएचए-२५६ या पद्धतीने काढलेला हॅश लागतो. मेटाला देशाचा कोड हवा पण अधिक चिन्ह नको. एका चिन्हाच्या फरकाने हॅश पूर्ण वेगळा येतो, जुळणी जवळपास शून्यावर जाते, आणि वरवर फाइल ठीक दिसते. म्हणून सीडीपीत हॅश साठवू नका, नंबर बाहेर पडताना त्या त्या ठिकाणासाठी काढा. आणि तिथेही नकाराची गाळणी लावाच.

इम्पोर्ट प्रत्यक्ष करताना

सगळ्या ६ लाख ओळी एकदम टाकू नका. मी दोनशे ओळींनी सुरुवात करतो, पण त्या यादृच्छिक नसतात, हाताने निवडलेल्या असतात: दोन याद्यांत असलेला माणूस, ‘स्टॉप’ म्हटलेला, ‘स्टॉप’ म्हणून पुन्हा परत आलेला, परदेशी नंबर, देवनागरीतलं नाव, रिकामा ईमेल, एकाच नंबरावरचे दोघे, पुसलेला माणूस. इम्पोर्टनंतर प्रत्येकाचं प्रोफाइल उघडून बघायचं की जे अपेक्षित होतं तेच झालं का. यात अर्धा दिवस जातो. मग नकारांची पूर्ण फाइल, मग सर्वांत लहान यादी, हिशेब, मग पुढची.

आणि पहिला मेसेज पाठवण्याआधी एक शेवटची पडताळणी: ज्यांना मेसेज जाणार त्या गटातले सगळे नंबर उतरवून घ्या आणि नकारांच्या मूळ फाइलीशी, सीडीपीच्या बाहेर, ताडून पाहा. ज्याने पुन्हा होकार दिल्याची त्यानंतरच्या तारखेची नोंद आहे तो सोडून एकही नंबर दोन्हीकडे सापडता कामा नये. सीडीपीतली गाळणी बरोबर आहे हे सीडीपीलाच विचारून कळत नाही.

तारीख नसलेल्या ओळी

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना मी मवाळ होणार नाही. युरोपच्या जीडीपीआर या डेटा संरक्षण कायद्यात, जो २५ मे २०१८ पासून लागू आहे, कलम ७ म्हणतं की संमती घेतली हे दाखवून देण्याची जबाबदारी डेटा वापरणाऱ्याची. तुमच्या देशाचा कायदा वेगळा असेल, पण प्रश्न तोच उरतो: उद्या त्या माणसाने विचारलं की माझा नंबर तुम्हाला कुणी दिला, तर तुमच्याकडे उत्तर आहे का?

तारीख नसली म्हणून ती ओळ लगेच टाकाऊ ठरवू नका, आधी शोधा. नोंदणीच्या दिवशी गेलेल्या पहिल्या पुष्टीच्या मेसेजची वेळ जुन्या डिलिव्हरी लॉगमध्ये असते. ‘हो’ म्हणून आलेलं उत्तर येणाऱ्या मेसेजच्या लॉगमध्ये असतं. वेबसाइटच्या फॉर्मचा डेटाबेस असतो. बऱ्याच ओळींचा पुरावा असा जोडता येतो. जोडलाय तिथे ‘पुरावा कुठून’ हेही लिहा.

जिथे काहीच सापडत नाही, तिथे इम्पोर्टचा दिवस संमतीचा दिवस म्हणून भरू नका. सीडीपी ती तारीख खरी मानेल, सहा महिन्यांनी टीममधला दुसरा कुणीतरीही खरी मानेल, आणि तुम्ही जे केलंय ते परत वेगळं काढता येणार नाही. कॉलम रिकामा ठेवा, स्थिती ‘अज्ञात’ करा, आणि ‘अज्ञात’ प्रत्येक पाठवणीतून वगळला जाईल असा नियम लावा. ‘तुम्हाला मेसेज हवेत का’ असा एसएमएस पाठवून या लोकांना विचारावं असं सुचवणारे भेटतील. पण ज्या माणसाला मेसेज पाठवायची परवानगी तुमच्याकडे नाही, त्याला तो विचारणारा मेसेज पाठवायची परवानगीही नाही. शिवाय जुना नंबर आज दुसऱ्याकडे असू शकतो: अमेरिकेत बंद झालेला नंबर ४५ दिवसांनंतर नव्या माणसाला देता येतो, आणि हे इतकं घडतं की तिथल्या नियामकाने २०२१ मध्ये पुन्हा वाटलेल्या नंबरांचा डेटाबेसच सुरू केला.

त्याऐवजी हे लोक स्वतःहून तुमच्याकडे येतात ती जागा वापरा. ॲपमध्ये लॉगिन केलं, वेबसाइटवर ऑर्डर दिली, मदतीसाठी फोन केला, की तिथे नंबर दाखवून नव्याने विचारा. ज्यांनी ‘हो’ म्हटलं त्यांची स्थिती त्या क्षणाच्या तारखेसह बदलेल. बाकीच्यांसाठी एक मुदत ठरवा, समजा एक वर्ष, आणि मुदत संपल्यावर त्या ओळी सीडीपीतून, मूळ टेबलातून आणि सगळ्यांच्या डाउनलोड फोल्डरमधून काढून टाका. ती तारीख आत्ताच कॅलेंडरमध्ये, एका जबाबदार माणसाच्या नावावर लावून ठेवा.